आधी बंद करायला शिका: भाड्याच्या एका खोलीची दुरुस्ती आणि डागडुजी

विचारलेलं थोडक्यात असं आहे. नोकरीसाठी नांदेडहून पुण्यात आलेली मुलगी, कर्वेनगरात भाड्याची वन आरके, राहायला एकटीच. बाथरूमचा नळ ठिबकतो, फ्लशची टाकी रात्रभर बारीक आवाज करत राहते, पंखा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो, एका भिंतीचे पोपडे पडतात. मालक परगावी, खिळा ठोकायला मनाई. प्लंबर येतो, पाच मिनिटं काहीतरी करतो आणि तीनशे रुपये घेऊन जातो. तर ही कामं स्वतः शिकायची म्हटली तर सुरुवात कुठून करायची, आणि खोली थोडक्या पैशांत माणसांत कशी आणायची?

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं कंपनीत मेंटेनन्सला होतो, आणि अजूनही ओळखीच्यांकडची छोटी कामं मीच करतो. काउंटरवर तुमच्यासारखी मुलंमुली रोज येतात. त्यातली सगळ्यात घाबरलेली कोण असतात सांगू? रविवारी संध्याकाळी ओल्या कपड्यांनी येणारी. नळ उघडायला घेतलेला असतो, तो हातात आलेला असतो, पाणी छतापर्यंत उडत असतं आणि घरातला मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे कुणीही शिकायचं म्हटलं की माझा पहिला धडा ठरलेला: आधी घर बंद करायला शिका. पाणी, वीज, गॅस, तिन्ही. पाना हातात घ्यायची वेळ त्यानंतर येते.

पाण्यापासून सुरू करा. बहुतेक इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून उभ्या लाइनी खाली येतात आणि प्रत्येक घराला त्यांचा फाटा असतो. त्या फाट्यावरचा व्हॉल्व्ह बाथरूमच्या दाराच्या वर, माळ्यावर, मागच्या डक्टमध्ये किंवा थेट गच्चीत असू शकतो. सापडला की बंद करा आणि घरातला एकेक नळ उघडून बघा. स्वयंपाकघराची लाइन वेगळी निघण्याची शक्यता बरीच असते, कारण पुष्कळ इमारतींत पिण्याचं पाणी एका टाकीतून आणि वापरायचं, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं, दुसऱ्या टाकीतून येतं. कुठल्या व्हॉल्व्हने काय बंद होतं ते मार्करने तिथेच लिहून ठेवा. दांडीचा व्हॉल्व्ह असेल तर सोपं आहे, दांडी पाइपला आडवी झाली की बंद. गोल चाकाचा जुना व्हॉल्व्ह असेल तर हळू फिरवा, जोर करू नका. तो बऱ्याचदा पुरता बंद होत नाही, बारीक धार चालूच राहते. ते आजच कळलेलं बरं.

मग अँगल कॉक. बेसिनखाली, फ्लशच्या टाकीजवळ, गिझरखाली भिंतीतून बाहेर आलेला छोटा नळ असतो तो. तो वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, मग क्षार साचून आखडतो आणि नेमका गरजेच्या दिवशी फिरत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा सगळे अँगल कॉक बंद करून पुन्हा उघडायची सवय लावा. एवढ्यावर निम्मी प्लंबिंगची भीती जाते.

विजेचंही तसंच. दिवसाउजेडी डीबीचं झाकण उघडा (खटके असतात तेच, आतल्या वायरींना हात लावायचा नाही), एकेक एमसीबी, म्हणजे खटका, खाली करा आणि काय काय बंद झालं ते चिकटपट्टीवर लिहून बाजूला लावा. त्यातला एखादा खटका रुंद असेल आणि त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असेल, तर तो आरसीसीबी. महिन्यातून एकदा ते बटण दाबायचं, खटका लगेच पडला पाहिजे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, कारण घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर करंट जमिनीकडे गळला तरी वीज तोडतो. भाड्याच्या जुन्या घरांत तो बहुधा नसतोच. तुमच्याकडे नसेल तर मालकाकडे मागायची पहिली गोष्ट तीच. रंग, पडदे नंतर.

गॅसचं दोन ओळींत सांगतो. रात्री रेग्युलेटरचा खटका बंद, आणि नारिंगी नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली की नळी बदलायची. गळतीचा संशय आला तर साबणाच्या पाण्याने बघायचं, काडी कधीच ओढायची नाही. वास जास्त असेल तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 ला फोन करायचा.

आता तुमचा नळ. मुलं दुकानात येतात ती मोबाइलवर नळाचा फोटो दाखवत, आणि नवीन नळ द्या म्हणतात. बहुतेक वेळा नळ बदलायची गरजच नसते. आधी बघा, नळ कुठून गळतोय? तोंडातून ठिबकत असेल तर आतला वॉशर किंवा स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) गेलेला. वरच्या मुठीजवळून पाणी पाझरत असेल तर ग्लँड, म्हणजे त्या दांड्याभोवतीचा नट, सैल झालेला. भिंतीला जिथे नळ बसवलाय तिथून झिरपत असेल तर आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉनची पट्टी गेलेली. तीन जागा, तीन वेगळी कामं.

मूठ दोन-तीन फेरे फिरवावी लागणारा जुना नळ असेल, आणि हल्ली तो जास्त जास्त घट्ट आवळावा लागत असेल, तर वॉशर झिजलाय. वॉशर काही रुपयांत येतो. अर्ध्या किंवा पाव फेऱ्यात बंद होणारा नवा नळ असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचा स्पिंडल असतो, त्याचा वॉशर बदलत नाहीत, सगळा स्पिंडलच बदलायचा. काम असं: व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, खालच्या जाळीवर फडकं टाका. फडकं विसरू नका, छोटा स्क्रू जाळीतून गेला की गेला. मुठीवरची लाल-निळी टिकली नखाने काढली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून मूठ उपसायची, पान्याने स्पिंडल उलटा फिरवून बाहेर घ्यायचा, आणि तो घेऊन दुकानात यायचं. फोटो नको, वस्तू आणा. दिसायला सारखे असणारे स्पिंडल लांबीला आणि वरच्या दात्यांना वेगळे निघतात, आणि दाते जुळले नाहीत तर तुमची मूठ त्यावर बसत नाही. नवीन बसवताना हाताने जाईल तितका हाताने फिरवा, पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्यासाठी. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे वाकडे गेले, तर चाळीस-पन्नास रुपयांच्या गळतीचं आठशे रुपयांचं काम होतं.

टेफ्लॉन गुंडाळण्यात सगळ्यांचं चुकतं. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढून गुंडाळायची, म्हणजे नळ आवळताना ती सुटत न जाता आणखी बसत जाते. आपल्याकडे मिळणारी पट्टी पातळ असते, दोन-तीन वेढ्यांनी भागत नाही, दहा-पंधरा हवेतच. आणि बेसिनखालच्या लवचीक कनेक्शन पाइपच्या नटाला टेफ्लॉन लागत नाही. तिथे पाणी अडवतो तो नटातला रबरी वॉशर. तो फाटला असेल तर वर कितीही टेफ्लॉन गुंडाळा, पाणी यायचं ते येणारच.

बरं, ठिबकणाऱ्या नळाकडे दुर्लक्ष केलं तर? सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर. खाली बादली ठेवून बघा, खात्री पटेल. मार्च-एप्रिलमध्ये सोसायटी टँकर मागवायला लागली की त्या बादलीचे पैसे मेंटेनन्समधून कुणीतरी भरतच असतं.

फ्लशच्या टाकीचा आवाज म्हणजे टाकी सतत भरत्येय. दोन कारणं असू शकतात. झाकण उचलून बघा. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यात पडत असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) फार वर सेट झालाय किंवा भरणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. फ्लोट स्क्रूने किंवा क्लिपने खाली घ्या, पाणी नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली थांबलं पाहिजे. पाणी वर चढत नसेल तर ते तळातून गळतंय. टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका, जिलबीत घालतात तोही चालेल, आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं. ते बऱ्याचदा खराबही झालेलं नसतं, त्यावर क्षाराचा थर असतो. काढून, धुऊन, पुसून परत बसवलं की सहा महिने निघतात. टाकी भिंतीच्या आत असेल तरी बटणाची प्लेट पुढून निघते आणि आतलं काम तिथूनच होतं. पण पहिल्यांदा ते कुणाकडून तरी करवून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण वन आरकेमध्ये ती हमखास असते. बाथरूममधून वास येतो, झुरळं येतात, आणि माणसं अगरबत्ती लावतात. जमिनीवरची जाळी उचला. आत नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात उलटी घातलेली एक वाटी असायला हवी. त्या वाटीच्या कडेभोवती पाणी साचून राहतं आणि तेच पाणी गटारातला वास अडवतं. पाणी लवकर जावं म्हणून आधीच्या भाडेकरूने वाटी काढून फेकलेली असते. नवीन वाटी घ्या, जुन्या ट्रॅपचं माप घेऊन या, केसांचा गोळा काढा, संपला विषय. खोली पंधरा-वीस दिवस बंद असेल तर ते पाणी वाळतं आणि वाटी असूनही वास येतो. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतलं की पुरे.

तुंबलेल्या पाइपात ॲसिड ओतायच्या मी विरोधात आहे. बेसिनचा तुंबा नव्वद टक्के वेळा खालच्या बाटलीसारख्या ट्रॅपमध्ये असतो. खाली बादली ठेवायची, ट्रॅपचा तळ हाताने फिरवून काढायचा, आतली घाण टाकायची. आणि संडास धुवायचं ॲसिड व ब्लीच एकत्र कधीही वापरू नका, एकानंतर लगेच दुसरंही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि खिडकी नसलेल्या चार बाय पाचच्या बाथरूममध्ये तो फुप्फुसांवर जातो. नळाच्या आणि शॉवरच्या जाळ्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, त्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. कोमट पाण्यात चमचाभर घालून जाळी तासभर बुडवून ठेवा. फक्त ते ओट्यावर सांडू देऊ नका. ओटा कडप्प्याचा असेल किंवा जमीन शहाबादीची असेल तर दोन्ही चुनखडीचेच दगड, आंबट लागलं की पॉलिश जाऊन पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. ग्रॅनाइटला काही होत नाही.

आता पंखा आणि वीज. पंखा रेंगाळतो याचं नेहमीचं कारण त्याचा कंडेन्सर, वरच्या वाटीत असलेला डबीएवढा भाग. छताच्या पंख्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो, किंमत किरकोळ. काम दहा मिनिटांचं आहे, पण ते डोक्याच्या वर हात करून, स्टुलावर उभं राहून करायचं असतं आणि कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. घरात एकटं असताना हे करू नका, एवढंच माझं म्हणणं. आधी पाती पुसून बघा. कडांवर साठलेली धूळ पंख्याचा वारा बराच कमी करते. रेग्युलेटर जुना असेल तर त्याचाही दोष असतो. नाहीच फरक पडला तर वायरमनला बोलवा आणि काम करताना बघा.

विजेत मी नवशिक्याला काय करू देईन? बल्ब, ट्यूब बदलणं, प्लगची पिन बदलणं, आणि शिकवणारा शेजारी असेल तर बटण किंवा सॉकेट बदलणं. तेही एमसीबी खाली करून. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं समजू नका. जुन्या घरांत वायरमनने चुकून बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, घेतलेलं असतं, मग दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे झटका देणारी वायर, तशीच राहते. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतोय ना ते बघा, मग कामाच्या जागी लावा. न पेटणारा टेस्टर बिघडलेलाही असू शकतो. डीबीच्या आतलं, भिंतीतल्या वायरचं, अर्थिंगचं काम परवाना असलेल्या वायरमनचं.

गिझर, इस्त्री आणि इंडक्शन यांची जागा एक्स्टेंशन बोर्डावर नाही. साधं गणित करा: 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि ते स्वस्तातलं बोर्ड सहा अँपिअरचं असतं. आधी प्लग गरम लागतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग वास येतो. प्लगला हात लावून बघायची सवय ठेवा. गिझरला 16 अँपिअरचं मोठं सॉकेट आणि चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर असलेली चांगली. खोलीत गॅस गिझर असेल तर आजच बघा, तो बाथरूमच्या आत आहे का? असेल तर तो वापरू नका आणि मालकाला तो बाहेर, मोकळ्या हवेत लावायला सांगा. बंद बाथरूममध्ये जळणाऱ्या गॅसने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, दार बंद करून अंघोळ करणारा माणूस आत कोसळतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

भिंतीकडे वळू. मुलं पुट्टीचा डबा मागतात. मी विचारतो, ओल कुठून येते? उत्तर नसतं. मग पुट्टी देऊन उपयोग काय? ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी पुढच्या पावसाळ्यात पोपडा होऊन जमिनीवर येते, आणि पैसे पाण्यात. आधी एक चाचणी करा. पोपडे खरवडून, जागा सुकी पुसून, त्यावर हातभर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला ओलसर झालं तर ती हवेतली वाफ आहे, म्हणजे खोलीत ओले कपडे वाळत असतील, स्वयंपाकाची वाफ जायला जागा नसेल.

वाफ असेल तर इलाज तुमच्या हातात आहे. खिडकी, एग्झॉस्ट, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. काळी बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, ती खोलीभर पसरते. पाण्यात थोडं ब्लीच घालून फडक्याने पुसा, खिडकी उघडी ठेवा. पाणी भिंतीतून येत असेल तर ते काम तुमचं नाहीच. छताजवळ ओल असेल तर वरच्या घराचं बाथरूम बघायचं, बाहेरच्या भिंतीला असेल तर बाहेरची भेग किंवा फुटका पाइप. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणारी गळती सोसायटीने काढायची, आणि घरातल्या संडास-बाथरूममधली ज्याच्या घरातली त्याने. म्हणजे मालकाने सोसायटीला किंवा वरच्या शेजाऱ्याला लिहायचं. तुमचं काम तारखेसकट फोटो काढून मालकाला पाठवायचं.

मूळ बंद झालं आणि भिंत सुकली की पुढचं सोपं. दिवाळीनंतर हात घाला, पावसाळ्यात नाही. सैल झालेलं सगळं खरवडा, प्रायमर, पुट्टीचे दोन पातळ हात, मध्ये 180 नंबरचा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, मग रंग. एकच जाड हात मारायचा मोह होतो, तो हात तडकतो. आणि भिंतीच्या मधोमध ठिगळ रंगवू नका. डब्यावर तोच शेड नंबर असला तरी जुन्या रंगाशी तो जुळत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक अख्खी भिंत रंगवा. दहा बाय नऊ फुटांची भिंत म्हणजे नव्वद चौरस फूट, दोन हातांना लिटरभर इमल्शन पुरेल.

मालकाबद्दल. भिंतीच्या आत जे आहे ते मालकाचं, तुमच्या हातात येतं ते तुमचं, असा माझा ढोबळ हिशोब आहे. वॉशर, बल्ब, जाळी यासाठी मालकाला फोन करू नका. पाइप, वायरिंग, ओल यात स्वतःचे पैसे घालू नका. मधलं काही असेल तर आधी व्हॉट्सॲपवर फोटो आणि अंदाजे खर्च पाठवा, ‘भाड्यातून वळते करू का’ असं विचारा, होकार आला की काम करा, बिल जपा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असलाच पाहिजे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. राहायला आलात त्या दिवशीचे भिंतींचे, नळांचे फोटो नसतील तर आज काढा. तुम्ही नवा शॉवर लावलात तर जुना पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, जाताना तो परत लावायचा आणि आपला घेऊन जायचं.

शिकायचं कुठे? व्हिडिओ बघा, पण आपल्याकडचे. अमेरिकेतले लोक भिंतीत लाकडी चौकट शोधायचं यंत्र फिरवतात, कारण त्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या. आपली भिंत विटांची, काँक्रीटची किंवा हलक्या राखाडी ब्लॉकची, तिथे ते काही कामाचं नाही. त्या तीनशे रुपयांबद्दल सांगायचं तर ते पाच मिनिटांचे नसतात, येण्याजाण्याचे आणि वीस वर्षांच्या हाताचे असतात. ते वसूल करायचे तर प्लंबर काम करताना मोबाइल बघत बसू नका. शेजारी उभं राहा, टॉर्च धरा, ‘दादा, हे का बदललंत?’ विचारा, जुना भाग मागून घ्या. चहा दिलात तर तो आणखी चार गोष्टी सांगतो. दुकानातही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या, गर्दी नसते, कुठलाही दुकानदार समोर उघडून दाखवेल. पुण्यात सुटे भाग आणि हत्यारं बघायची तर रविवार पेठेतली बोहरी आळी, विजेचं सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. मुंबईकरांना लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट सांगायला नको.

खोली सजवायचा विषय मी मुद्दाम इथपर्यंत मागे ठेवला. गळकी खोली सजत नाही. पण एकदा कोरडी झाली की सगळ्यात जास्त फरक पडतो उजेडाने, आणि तो सगळ्यात स्वस्त. भाड्याच्या खोलीत बहुधा छताजवळ एकच पांढरीफटक ट्यूब असते, 6500 केल्विनची. ती कामाला राहू द्या. तिच्याशिवाय 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दोन दिवे कमी उंचीवर ठेवा, एक पलंगाशी, एक कोपऱ्यात. संध्याकाळी ट्यूब बंद करून तेवढेच लावा. खोलीतली कळकट भिंतसुद्धा माफ होते.

दुसरी गोष्ट, जमीन मोकळी ठेवा. आपल्याकडच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत सहा-सात माणसं राहायची ती कशाच्या जोरावर? माळा, दाराच्या उंचीवर चारी भिंतींनी फिरणारी फळी, खुंट्या, आणि भांड्यांची मांडणी. सगळं सामान भिंतीवर आणि वर, दिवसा गाद्या गुंडाळून कडेला. तुम्हाला ठोकता येत नसेल तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी घोडी घ्या, उंच आणि अरुंद. दारावर अडकवायचे हूक घ्या. खिडकीच्या चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, पडद्याला खिळा लागत नाही. चिकटणारे हूक टाइल्सवर उत्तम धरतात, डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र नाही, भुकटीसकट खाली येतात. भिंतीवर हात फिरवून बघा, हाताला पांढरं लागलं तर हूक विसरा. काढताना हेअर ड्रायरने गरम करून हळू ओढा, रंग निघत नाही.

ओट्यामागे चिकटवायचे टाइल्सचे स्टिकर मला पटत नाहीत. शेगडीच्या उष्णतेने त्यांच्या कडा सुटतात, मागे तेल आणि झुरळं साठतात, आणि काढताना गोंद राहतो. त्यापेक्षा टाइल्समधल्या काळ्या पडलेल्या रेघा साफ करा. त्या रेघांत भरलेला जुना ग्राउट टोकदार वस्तूने दोन-तीन मिलिमीटर खरवडा, पांढरा ग्राउट भरा, ओल्या स्पंजने पुसा, एक दिवस पाणी लागू देऊ नका. ओटा आणि भिंत मिळते तिथे सिलिकॉनची बारीक रेघ. एका रविवारचं काम, आणि स्वयंपाकघर नवं दिसतं. जुन्या बाजारातून लाकडी वस्तू आणणार असाल तर घरात घ्यायच्या आधी सांध्यांत आणि खिळ्यांच्या भोकांत टॉर्च मारून ढेकूण बघा. गादी जुनी कधीच घेऊ नका.

दारं पावसाळ्यात फुगतात. रंधा मारायची घाई नको, नोव्हेंबरात तेच दार सैल होतं. अडकते तिथे मेणबत्ती घासा. बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोन-तीन काडेपेटीच्या काड्या (गूल काढून) ठोकून भरा, सुकू द्या, तोच स्क्रू घट्ट बसतो. कुलूप अडत असेल तर खोबरेल घालू नका, त्याला धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते.

हत्यारं किती? एक चांगला स्क्रूड्रायव्हरचा सेट, दहा इंची स्लायडिंग पाना, पक्कड, टेस्टर, मेजर टेप, ॲलन कीचा सेट, टेफ्लॉन, एम-सील (गळती बुजवायचा लांबी) आणि डोक्याला लावायचा टॉर्च. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून डोक्याचाच. एम-सील कोरड्या पाइपवरच धरतं, वाहत्या पाण्यावर चोपडू नका.

ड्रिल मशीन मात्र आत्ता घेऊ नका. वर्षात चार भोकं पाडायला ती लागते, आणि ती तुम्हाला शेजारी किंवा सोसायटीचा इलेक्ट्रिशियन पाडून देईल, मालकाचा होकार असेल तर. तेव्हा दोन गोष्टी तुम्ही बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक नको, वायरी तिथूनच जातात. नळाच्या वरच्या रेषेतही नको. आणि सहा मिलिमीटरच्या गिट्टीला (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लास्टिकचा तुकडा) सहाचाच बिट लावायला सांगा, आठचा लावला तर गिट्टी नुसतीच फिरते. भिंत नव्या इमारतीतली सलग काँक्रीटची असेल तर साध्या मशीनने भोक पडत नाही, त्याला रोटरी हॅमर लागतो, आणि तो असलेला माणूसच बोलवावा लागतो.